मोठ्या शिकारी माशासाठी रॉड घेताय? आधी आमिष तोला, मग रॉड बघा

पावसाळा संपत आला की दरवर्षी तोच प्रश्न येतो, "दहा किलोचा मासा उचलायला कुठला रॉड घेऊ?" मी दरवर्षी तेच सांगतो की रॉडवर माशाचे किलो लिहिलेले नसतात, त्यावर आमिषाचे ग्रॅम आणि दोरीचे पौंड लिहिलेले असतात, आणि ते आकडे न बघता लोक लांबी बघून किंवा रंग बघून रॉड घेऊन येतात. मग कुणाचा रॉड पहिल्याच फेकीत मोडतो, कुणाचं आमिष दहा फुटांवर पडतं, आणि कुणाला चांगला मासा लागूनसुद्धा जलपर्णीतनं बाहेर काढता येत नाही. माझा स्वतःचा पहिला रॉड अंकलीच्या पुढे कृष्णेच्या काठावर मोडला, १० ते ३० ग्रॅमचा होता आणि मी त्याला ७० ग्रॅमचं शिसं बांधून पूर्ण जोरात फेकलं, दुसऱ्या जोडाच्या वर कडकन आवाज आला आणि वरचा तुकडा दोरीवर लोंबत राहिला. मासा लागलाच नव्हता. चूक पूर्ण माझी होती, पण दुकानात कुणी ते आकडे समजावून सांगितले असते तर ते पैसे वाचले असते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

क्रम असा लक्षात ठेवा: जागा, मासा, आमिषाचं वजन, दोरी, आणि सगळ्यात शेवटी रॉड. बहुतेक जण शेवटापासून सुरुवात करतात, तिथंच सगळं बिघडतं.

१. जागा ठरवा आणि एकदा रिकाम्या हातानं जाऊन या

आपल्या बेळगाव जिल्ह्यात पाण्याचे प्रकार इतके वेगळे आहेत की एक रॉड सगळीकडे चालत नाही. अंकली, मांजरी, कुडची, उगार या पट्ट्यात कृष्णा रुंद आहे, काठ उंच आणि मातीचे, खाली गाळ. हिडकलच्या बॅकवॉटरला उतरता उघडा काठ आहे आणि मासा लांब असतो. गावतळी, जुन्या खाणी, ओढ्याचे डोह यांच्यात जलपर्णी आणि कमळाचे वेल असतात, मासा पायाजवळ पण असू शकतो. खानापूरकडं मलप्रभेचं वरचं पात्र अरुंद, खडकाळ, दोन्ही बाजूला झाडी, तिथं लांब रॉड फांद्यांतच अडकून बसतो.

तर एक दिवस गळ न घेता जा. चार गोष्टी बघून मोबाईलवर लिहून ठेवा:

- उभं राहायच्या जागेपासून जिथं मासा असेल असं वाटतं तिथपर्यंत अंदाजे किती पावलं.
- पाठीमागं झाड, ऊस, कुंपण, वायर काय आहे, कारण रॉड मागं न्यायला जागा लागते.
- पाण्यापासून तुमच्या पायापर्यंत काठाची उंची.
- पाण्याखाली काय आहे, म्हणजे खडक, बुडलेली झाडं, जॅकवेलचे पाईप.

हे शेवटचं स्थानिक माणसालाच विचारा. मी मांजरीजवळ मोटार चालू करायला आलेल्या एका मामांना विचारलं होतं, "मामा, कुठल्या बाजूला मासं लागूलाल्यात?" ते म्हणाले, "त्या बाभळीखाली डोह हाय, पण आमचा जुना पाईप बी तिथंच पडलाय, तुमचा गळ अडकंल बघा." त्या एका वाक्यानं माझी निदान दहा शिसं वाचली.

परवानगीचं पण याच फेरीत विचारून घ्या. धरणाच्या पाण्यात आणि बऱ्याच तळ्यांत मासेमारीचा परवाना किंवा ठेका असतो, ग्रामपंचायतीत नाहीतर मत्स्य खात्याच्या ऑफिसात विचारलं की कळतं. ठेक्याच्या पाण्यात न विचारता गळ टाकून भांडण करून घेऊ नका.

सावध: कृष्णाकाठी शेतीपंपाच्या विजेच्या तारा अगदी काठापर्यंत आलेल्या असतात. कार्बनच्या रॉडमधनं वीज वाहते. तारेला टेकायची पण गरज नाही, जास्त दाबाच्या तारेच्या नुसतं जवळ गेलं तरी धोका असतो. जिथं डोक्यावर तार आहे ती जागा रद्द, मासा कितीही असू दे. आकाशात गडगडाट सुरू झाला की रॉड आडवा ठेवून लांब व्हायचं.

२. कुठल्या माशाच्या मागं आहात ते नक्की करा

"मोठा मासा" हे उत्तर नाही. आपल्याकडचे मोठे शिकारी मासे मुख्यतः तीन, आणि तिघांची लढायची पद्धत वेगळी.

मरळ. झाडीत, जलपर्णीच्या कडेला दबा धरून बसणारा. वर येऊन हवा घेतो त्यामुळं जागा कळते. बेडूक, छोटे मासे खातो. लागला की पहिल्या तीन सेकंदात परत झाडीत घुसतो, तेवढ्या वेळात त्याला बाहेर ओढता आलं नाही तर दोरी वेलांना गुंडाळली जाते आणि विषय संपला. म्हणजे इथं रॉडला खालच्या भागात ताकद पाहिजे आणि लांबी फार नको.

शिवडा. याला कुणी पहाडी म्हणतं, कानडीत बाळे मीनू. नावात गोंधळ झाला तर ओळख अशी: अंगावर खवले नाहीत, बाजूनं चपटा, तोंडाची फट डोळ्याच्याही मागं गेलेली, आणि खालचा पर जवळजवळ शेपटीपर्यंत लांबलचक. हा मीटरभराच्या वर वाढतो. तोंडात बारीक दातांचे पट्टे असतात, ते दोरी एकदम कापत नाहीत, घासून घासून तोडतात. संध्याकाळी आणि रात्री जास्त फिरतो. उघड्या पाण्यात लांब पळतो, म्हणून त्याला पळू देणारा, पण सतत ताण ठेवणारा रॉड लागतो.

शिंगाळा. लांब मिशा, तळाला राहणारा. तळाला आमिष ठेवून, रॉड स्टँडला लावून बसायचं काम. पाठीवरच्या आणि बाजूच्या परांना कडक काटा असतो, हातात घुसला तर दोन दिवस ठणकतो, त्यामुळं जाड टॉवेल आणि पकड आधीच जवळ ठेवा.

महासीर म्हणजे खडस, याच्यासाठी मी मुद्दाम रॉड सुचवत नाहीये. चुकून लागला तर पाण्यातच ठेवून गळ काढा आणि सोडा. थाई मागूर लागला तर मात्र परत पाण्यात सोडू नका, तो बाहेरून आलेला, आपल्या माशांची पिल्लं खाणारा, आणि त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

तपासा: आता एक वाक्य लिहिता आलं पाहिजे, उदाहरणार्थ "हिडकलचा उघडा काठ, शिवडा, चाळीस पावलांवर" किंवा "गावतळं, मरळ, जलपर्णीच्या कडेला पंधरा पावलांवर". हे वाक्य लिहिता येत नसेल तर दुकानात जाऊ नका.

३. आमिष तोला, खरंच तराजूवर

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं जरा थांबतो.

बहुतेक रॉडवर हँडलच्या वर बारीक अक्षरात एक आकडा असतो, १०-३० ग्रॅम, २०-६० ग्रॅम, ४०-८० ग्रॅम असा. कधी कधी तो औंसात असतो, एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. तो आकडा सांगतो की दोरीच्या टोकाला एकूण किती वजन बांधून हा रॉड फेकायचा. एकूण म्हणजे शिसं, गळ, आमिष, लीडर (दोरी आणि गळ यांच्यामधला जाड तुकडा) सगळं मिळून. लोक फक्त शिसं मोजतात. ६० ग्रॅमचं शिसं लावलं आणि वर ४० ग्रॅमची छोटी मासळी लावली की १०० ग्रॅम झाले, आणि रॉड ६० चा. मग तो मोडला की मालाला दोष देतात.

किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सगळं एकत्र ठेवा, पाच सेकंदाचं काम आहे. माझ्याकडची वजनं साधारण अशी येतात:

- मरळीसाठी रबरी बेडूक: १० ते १५ ग्रॅम, जरा मोठा असेल तर २० पर्यंत.
- चमचा (चमच्यासारखं धातूचं नकली आमिष) किंवा लाकडी-प्लास्टिकचा मासा: १५ ते ४० ग्रॅम.
- जानेवारीनंतर पाणी संथ झाल्यावर तळाचं काम: ४० ग्रॅम शिसं, अधिक आमिष, म्हणजे ६०-७० ग्रॅम.
- पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये कृष्णेला ओढ असताना तळाचं काम: ८० ग्रॅमच्या खाली शिसं टिकत नाही, आमिष धरून १२० ग्रॅमपर्यंत जातं.

आता नियम. तुमचं एकूण वजन रॉडच्या वरच्या आकड्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास यावं. ६५ ग्रॅम फेकायचे असतील तर १०० ग्रॅमचा रॉड आरामात काम करतो. एकदम वरच्या टोकाला जाऊन फेकत राहिलं तर रॉड थकतो, आणि आमिष जिवंत किंवा मऊ असेल तर झटक्यानं गळातनं निघूनही जातं.

उलटी चूक पण होते. मरळीला ताकद पाहिजे म्हणून कुणी ८०-१५० चा रॉड घेतो आणि १२ ग्रॅमचा बेडूक फेकायला बघतो, रॉड वाकतच नाही तर फेकणार काय, बेडूक पायाजवळ पडतो.

तपासा: कागदावर दोन आकडे पाहिजेत, सगळ्यात हलकं आमिष किती आणि सगळ्यात जड किती. दोघांत पाचपटीपेक्षा जास्त फरक असेल तर एका रॉडमध्ये ते काम होणार नाही, हे आत्ताच मान्य करा. हल्लीच एका मित्राला बेडूक पण फेकायचा होता आणि १२० ग्रॅमचं शिसं पण, "एकच सांगा की हो अण्णा" म्हणत होता. तसा एक रॉड नसतो. कुठलं काम जास्त करणार त्याचा आधी घ्या.

४. दोरी आणि लीडर

जुनी मंडळी तंगूस म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी वापरतात, अजूनही चालतो, स्वस्त आहे, ताणतो त्यामुळं झटका सोसतो. पण तेवढ्याच ताकदीचा तंगूस जाड असतो, रीलवर कमी मावतो आणि फेक कमी जाते. विणलेली दोरी, जिला सगळे ब्रेड म्हणतात, ती बारीक असते आणि अजिबात ताणत नाही. न ताणणारी दोरी म्हणजे सगळा झटका रॉडवर आणि रीलच्या ड्रॅगवर (मासा ओढेल तशी दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) येणार, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

मरळ जलपर्णीत असेल तर ५० पौंडाची ब्रेड, उघड्या पाण्यात शिवड्याला ३० ते ४० पौंड पुरते. ४० पौंड म्हणजे १८ किलो. "पण मासा २० किलोचा लागला तर?" असं विचारतात. पाण्यात माशाचं वजन दोरीवर येत नाही, त्याची ओढ येते, आणि ती ड्रॅगनं सोडत राहायची असते. म्हणून माशाच्या किलोशी दोरीचे किलो जुळवत बसू नका.

शिवड्यासाठी ब्रेडच्या पुढं लीडर पाहिजेच, ६० ते ८० पौंडाचा जाड तंगूस दोन-तीन फूट, नाहीतर वीतभर स्टीलची तार. मरळीला जाड तंगूसाचा हातभर तुकडा पुरतो. प्रत्येक माशानंतर लीडरवरनं नख फिरवायचं, खरखरीत लागला की तेवढा कापून टाकायचा.

रॉडवर दोरीचा पण आकडा असतो, २०-४० पौंड वगैरे. त्याच्यापेक्षा जरा जाड ब्रेड लावली म्हणून रॉड मोडत नाही, पण जाड ब्रेड लावून ड्रॅग पूर्ण आवळला की मग दोरी तुटायच्या आधी रॉड तुटतो. वरच्या आकड्याच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच ड्रॅग ठेवायचा, ४० पौंडाच्या रॉडला म्हणजे साडेचार ते सहा किलो झाले. मी स्वतः तीन किलोच्या वर क्वचित जातो, आणि तीन किलोची सतत ओढ हातात किती जड लागते ते एकदा काटा लावून बघा म्हणजे पटेल.

५. आता रॉड

इथपर्यंत आलात तर निम्मं काम झालेलं आहे, कारण दुकानातल्या पन्नास रॉडपैकी पंचेचाळीस आता आपोआप गळाले.

लांबी. जलपर्णीतला मरळ आणि झाडीचा काठ असेल तर साडेसहा ते सात फूट. हिडकलसारखा उघडा काठ किंवा कृष्णेचा उंच काठ असेल तर आठ ते नऊ फूट, म्हणजे फेक लांब जाते आणि दोरी काठाच्या मातीवर घासत नाही. दहा-बारा फुटांच्या मागं लागू नका. रॉड जितका लांब तितका तो माशाच्या बाजूनं तरफेचं काम करतो, तेवढ्याच ओढीला तुमच्या मनगटावर आणि कमरेवर जास्त भार येतो. लांब रॉडमध्ये जास्त ताकद असते हा गैरसमज आहे.

पॉवर. यावर एम, एमएच, एच अशी अक्षरं असतात, मध्यम, मध्यम-जड, जड. मरळीला एमएच किंवा एच, शिवड्याला एमएच, ऑक्टोबरच्या ओढीत तळाच्या कामाला एच. पण ही अक्षरं प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबानं लावते, एकाचा एमएच दुसऱ्याचा एम असतो. म्हणून अक्षर आणि ग्रॅम यांच्यात वाद झाला तर ग्रॅमवर विश्वास ठेवा.

ॲक्शन. म्हणजे रॉड कुठून वाकतो. फास्ट म्हणजे फक्त वरचा भाग वाकतो, खाली ताठ. मॉडरेट म्हणजे मधल्यापर्यंत गोल वाकतो. मरळीला फास्ट, कारण झटका लगेच गळापर्यंत गेला पाहिजे. तळाच्या कामाला मॉडरेट किंवा मॉडरेट-फास्ट, टोक मऊ असलं की मासा आमिष चाखताना त्याला ओढ जाणवत नाही, आणि पळताना रॉड स्वतः वाकून झटका खातो. ब्रेड लावणार असाल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण दोरी ताणत नाही, कुणीतरी तर वाकलं पाहिजे.

पॉवर आणि ॲक्शन एकच समजतात ही फार मोठी चूक आहे. फास्ट रॉड हलका पण असू शकतो, आणि मॉडरेट रॉड जड पण.

कशाचा बनलाय. फायबर ग्लास जड असतो, पण बडवला तरी टिकतो, बाईकवर, ट्रॅक्टरवर, काठावर आपटत जाणाऱ्या माणसाला चांगला. कार्बन हलका आणि संवेदनशील, पण दगडावर एकदा आपटला की आतून तडा जातो, बाहेरून दिसत नाही, आणि पुढच्या महिन्यात मोठ्या माशावर तिथंच तुटतो. दोन्ही मिसळलेले पण मिळतात, पहिल्या मोठ्या रॉडला मी तेच सुचवतो. त्यावर २४ टन, ३० टन असं लिहिलेलं असतं, तो ताकदीचा आकडा नाही, ताठपणाचा आहे. जास्त टन म्हणजे जास्त मजबूत असं दुकानदार सांगेल, मान हलवा आणि पुढं बघा.

जोड. एकसंध रॉड सगळ्यात चांगला, पण बेळगावहून हुक्केरीला बसनं जाताना सात फुटाची काठी कुठं ठेवणार? दोन तुकड्यांचा घ्या, सात फुटाचा साडेतीन फुटात मावतो. दुर्बिणीसारखा आत सरकणारा टेलिस्कोपिक रॉड मी मोठ्या शिकारी माशासाठी घेऊ नका असं सरळ सांगतो. त्याला पाच-सहा जोड, प्रत्येक जोड कमजोर जागा, वाळूचा एक कण गेला की जोड बसत नाही किंवा निघत नाही, आणि दोरी ओवायच्या कड्या नुसत्या चिकटवलेल्या असतात त्या फिरतात. तिलापीला, छोट्या माशाला ठीक आहे.

रीलशी जुळणी. खाली लटकणारा स्पिनिंग रील असेल तर रॉड पण स्पिनिंगचा, पहिली कडी मोठी. वर बसणारा बेटकास्टर असेल तर हँडलला बोट अडकवायचा खटका असलेला रॉड. एकाचा रील दुसऱ्याच्या रॉडला लावून लोक फेकतात आणि मग दोरीचा गुंता झाला की रीलला दोष. पहिल्यांदा घेताय तर स्पिनिंगच घ्या, ४००० किंवा ५००० नंबरचा रील एमएच रॉडवर बरोबर तोलतो.

पैसे किती? एकूण बजेटचे साधारण दोन भाग रॉडला, दोन भाग रीलला, एक भाग दोरी, लीडर आणि गळाला. सगळे पैसे रॉडवर घालून रील फालतू घेतला तर ड्रॅग अडकतो, आणि अडकलेला ड्रॅग म्हणजे तुटलेला रॉड.

६. दुकानात काय तपासायचं, याच क्रमानं

बेळगावची गणपत गल्ली, खडेबाजार, नाहीतर गोव्याला गेल्यावर तिथं, कुठंही घ्या, दहा मिनिटं मागून घ्या. स्वतःचा रील बरोबर न्या.

१. सगळ्यात आधी ग्रॅमचा आकडा वाचा. छापलेलाच नसेल तर तो रॉड ठेवून द्या.

२. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. धागा अडकला म्हणजे आत चीर आहे, आणि ती चीर ब्रेड कापणार. आतली रिंग चिनी मातीसारखी गुळगुळीत पाहिजे, नुसत्या तारेची कडी ब्रेडनं काही महिन्यांत खाचते.

३. कड्या मोजा. अंदाज असा की जितके फूट तितक्या कड्या, टोकाची वेगळी. आठ फुटाच्या रॉडला पाचच कड्या असतील तर वाकल्यावर दोरी रॉडच्या अंगाला घासणार.

४. दोन तुकडे जोडा आणि टोकाकडनं डोळा लावून बघा, सगळ्या कड्या एका रेषेत येतात का. जोड हलवून बघा, टकटक आवाज आला तर नको.

५. रील बसवा, आवळा, जोरात हलवा. सीट सैल असेल तर आत्ताच कळेल.

६. रील लावून एका बोटावर तोला, रीलच्या जरा पुढं समतोल आला तर दिवसभर हात दुखत नाही. हँडलचं मागचं टोक कोपराच्या जरा मागं पोचलं पाहिजे, दोन हातांनी फेकायचं असतं.

७. शेवटी बाटली. दुकानदाराला विचारून, दोरी कड्यांतनं ओवून टोकाला एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली बांधा, म्हणजे एक किलो झाला. हळू उचला. एमएच रॉड गोल कमान करून उचलतो, खालचा भाग ताठ राहतो. हँडलपर्यंत वाकला तर मोठ्या माशाला तो कमी पडेल. एका जागी कोन पडल्यासारखा वाकला तर तिथं दोष आहे.

सावध: टोक हातात धरून रॉड वाकवून दाखवतात, दुकानदार पण करतात. असं करू नका, करू देऊ पण नका. टोकाचा भाग तसा वाकायला बनवलेलाच नसतो, जोर नेहमी दोरीतनं आणि कड्यांतनं आला पाहिजे.

ऑनलाईन मागवणार असाल तर पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, आणि वरच्या सगळ्या तपासण्या त्याच दिवशी करा. परत करायची मुदत बघून ठेवा. टोकाची कडी वाकलेली येणं सगळ्यात नेहमीचं.

७. घरी जोडणी आणि ड्रॅग

ब्रेड रीलवर भरायच्या आधी खाली आठ-दहा मीटर तंगूस गुंडाळा, नाहीतर ब्रेड अख्खी गोल फिरते आणि ड्रॅग लागतच नाही असं वाटतं. दोरी ताणून भरा, ओल्या कापडातनं ओढत.

मग ड्रॅग. सामान तोलायचा हुकचा काटा दारच्या कडीला अडकवा, दोरी सगळ्या कड्यांतनं ओवून त्याला बांधा, रॉड पंचेचाळीस अंशात धरून ओढा. कड्यांत घासण्यानं फरक पडतो म्हणून नुसत्या रीलवरनं मोजू नका. अडीच ते तीन किलोला दोरी सुटायला लागली पाहिजे, आणि सुटताना अडखळत नको, सारखी सुटली पाहिजे.

तपासा: पाच वेळा ओढून पाचही वेळा तोच आकडा आला का? एकदा दोन, एकदा चार येत असेल तर रीलमध्ये गडबड आहे, काठावर जायच्या आधी बदलून घ्या.

८. पहिल्या दिवशी काठावर

पहिल्या दहा फेका अर्ध्या जोरानं. नवीन रॉड कसा वाकतो ते हाताला कळू दे. दर अर्ध्या तासानं जोड तपासा, फेकताना सैल होतो, आणि सैल जोडानं फेकलं तर जोडाचा गळा फाटतो.

गळ तळाला अडकला की रॉड वर-खाली झटकायचा नाही. रॉड दोरीच्या रेषेत सरळ धरायचा, दोरी टॉवेलमध्ये गुंडाळायची, आणि मागं चालत जायचं. दोरी तुटेल, रॉड राहील. रॉड मासे लागून जेवढे मोडतात त्याच्यापेक्षा अडकलेला गळ झटकताना जास्त मोडतात, माझ्या ओळखीत तरी असंच आहे.

मासा लागला की रॉड दोरीच्या रेषेपासून काटकोनापेक्षा जास्त मागं जाऊ द्यायचा नाही. मासा पायाजवळ आला की सगळे रॉड सरळ आकाशाकडं उभा करतात, त्या वेळी सगळा भार टोकाच्या वीतभर भागावर येतो आणि तिथंच तुटतो. त्यापेक्षा दोन पावलं मागं जा, रॉड खाली घ्या, आणि मासा जाळीनं उचला. रॉडनं मासा हवेत उचलायचा नाही, पाण्यात त्याची ओढ असते पण हवेत पूर्ण वजन येतं. लांब दांड्याची जाळी नसेल तर उंच काठावर मोठ्या माशाच्या मागं लागूच नका.

मरळ बेडकावर झडप घालतो तेव्हा लगेच झटका द्यायचा मोह होतो, मनात एक-दोन म्हणा, दोरी ताणली की मग द्या. शिवडा, शिंगाळ्यासाठी रॉड स्टँडला लावलात तर ड्रॅग एकदम सैल ठेवा आणि हातभर अंतरावर बसा. कुडचीच्या बाजूला एकाचा अख्खा रॉड-रील स्टँडसकट नदीत गेलेला मी बघितलाय, ड्रॅग आवळून तो चहा प्यायला गेला होता.

सावध: कृष्णेत मगरी आहेत. संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, मासा धुवायला आणि आतडी टाकायला पाण्याच्या कडेला जायचं नाही, अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरायचं तर अजिबात नाही. धरणाच्या खाली बसत असाल तर पाणी सोडणार आहेत का ते आधी विचारा, रात्री पातळी वाढलेली कळत नाही. एकट्यानं रात्री जाऊ नका, आणि घरी जागा सांगून जा.

९. घरी आल्यावर

साध्या पाण्यानं कड्या आणि जोड धुवून सावलीत वाळवा. ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, आवळून ठेवला तर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी पहिली ओढ अडखळते. रॉड भिंतीला तिरका टेकवून महिनोन्महिने ठेवला तर बाक येतो, म्हणून दोन खिळ्यांवर आडवा ठेवा, मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंच. जोडाच्या आतल्या भागाला मेणबत्ती हलकी घासली की पुढच्या वेळी बसतो पण घट्ट आणि निघतो पण सहज. आणि कापसाचा बोळा महिन्यातनं एकदा परत सगळ्या कड्यांतनं फिरवा, टोकाच्या कडीतनं दोनदा.